सतरा नंबरचा डबा

बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या मुलीला सगळे ‘ठिणगी’ म्हणत. हा विनोद पहिल्यांदा कुणाला सुचला कोण जाणे, पण पोरगी नावाला जागणारी होती. आणि सोमवारपासून तर ती नुसती धुमसत होती.

सोमवारी झालं असं, की आईने हौदातल्या डब्यातून काढलेली बर्फाची लादी कच्ची निघाली. बाहेरून टणक, आत पचपचीत लगदा. मुकादमाचा नियमच होता: कच्ची लादी ज्याने काढली, त्याने तिचा दप्तराएवढा तुकडा वितळेपर्यंत हातात धरून दारात उभं राहायचं.

“वीस वर्षं झाली, तरी दम निघत नाही का हो बाई? डबा वेळेआधीच उपसलात!” मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला. “आता धरा. डोकंही थंड होईल!”

सगळे हसले. आई उभी राहिली. वर तिला हौदावरून काढून तिच्या हातात खराटा दिला गेला.

संध्याकाळी आईच्या बोटांना फोड आले होते. ठिणगीने तिच्या हातातली भांडी काढून घेतली आणि विचारलं, “खरंच लवकर काढलास?”

“अगं, सतरा नंबरचा डबा होता. पुरता दिवसभर मुरलेला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तोंडच गोठलं होतं,” आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

ठिणगीला झोप येईना. आईने जन्मभर बर्फ हाताळला होता. फोड कधी आले नव्हते. मग आत्ताच कसे?

बुधवारी विज्ञानाच्या बाईंनी वर्गात बर्फावर तार टाकली, तारेच्या दोन्ही टोकांना वजनं लटकवली. तार बर्फातून आरपार गेली आणि बर्फ मात्र अखंड! “दाबाखाली बर्फ कमी तापमानालाच वितळतो,” बाई म्हणाल्या. “तार पुढे सरकली, दाब गेला, की पाणी परत गोठतं.” पोरं जांभया देत होती. मग बाई म्हणाल्या, “आणि मीठ मिसळलं, तर पाणी शून्याला गोठतच नाही. आणखी खाली जावं लागतं.”

ठिणगीच्या पेन्सिलीचं टोक काडकन मोडलं.

कारखान्यातला हौद मिठाच्या पाण्याचाच होता! उणे दहाला थंडगार, पण स्वतः कधीच न गोठणारा. त्यात साध्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे, म्हणजे डब्यातलं पाणी गोठायचं. पण डब्यालाच भोक असेल तर?

शाळा सुटल्या सुटल्या ती धावत कारखान्यात गेली. सतरा नंबर नुकताच रिकामा करून पालथा ठेवला होता आणि त्याची लादी आजही कच्ची निघाली होती, पण कुणीतरी ती गुपचूप गटाराशी लोटली होती. ठिणगीने तुकडा उचलून चाटला. खारट! आणि मागून साबणाची चव. “शी!” ती थुंकली आणि मग खुदकन हसली. डब्याच्या बुडाला, डबे उपसायचा लोखंडी आकडा लागून पडलेलं भोक होतं, आणि त्यात ठासलेला लाल साबण. तसला लाल साबण सबंध कारखान्यात एकाच मोरीवर असायचा, मुकादमाच्या. डबा आपल्याच हातून फुटला हे लपवायला ही मलमपट्टी! आणि फोडांचंही उत्तर मिळालं: खारा बर्फ वितळतानाही शून्याच्या खालीच राहतो. आईच्या हातात साधा बर्फ नव्हताच.

तिथल्या तिथे बोंब ठोकता आली असती. पण नुसतं सांगून मुकादमाची बोटं गार झाली नसती.

गुरुवारी ती सरळ कारखान्याच्या मालकीणबाईंसमोर उभी राहिली. “आईने डबा लवकर काढला म्हणता ना? मग सतरा नंबर भरून शनिवारपर्यंत मुरू द्या. मुकादमकाकाच काढतील. तरी कच्चा निघाला तर?”

शेजारीच उभा असलेला मुकादम पोट धरून हसला. “अगं, दोन दिवसांत पाणीच काय, मुकादमसुद्धा गोठेल!”

“पण निघाला तर?”

“तर मी धरीन! सगळ्यांसमोर!”

रोज ज्या हौदाच्या काठावर बसून चहा प्यायचा, तो खारा हौद इतक्या वर्षांत कधी गोठला नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही.

शनिवारी दुपारी सगळे जमले. मुकादमाने ऐटीत डबा उपसला, उलटा केला. लादी घसरली, खाली आपटून दुभंगली आणि लगदा बदकन बाहेर पडला.

“चाखून बघा,” ठिणगी मालकीणबाईंना म्हणाली.

त्यांनी बोट लावून चाखलं. मग डब्याचं बूड पाहिलं. मग लाल साबण नखाने खरवडून वास घेतला आणि ते नख मुकादमाच्या नाकासमोर धरलं.

मुकादमाला घाम फुटला. “म्हणजे... तात्पुरतं... वेल्डरला मी सांगणारच होतो...”

दाब पडला, की असा वितळतो तर! ठिणगीला वर्गातली तार आठवली. दाब काढला, की परत घट्ट. म्हणून ती जागची हलली नाही. “काका, धरता ना?”

“बाई, उद्यापासून हौदावर तुम्हीच,” मालकीणबाई आईला म्हणाल्या. “आणि मुकादम, तुम्ही दारात.”

मुकादमाने तुकडा उचलला. पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आई गोणपाट घेऊन आली.

“आई! त्याची कीव करतेस?” ठिणगी तडकली.

“देवमाणूस आहात, बाई,” मुकादम कण्हला.

आईने त्याच्या उघड्या पंजांना हात लावला नाही. गोणपाट फक्त तुकड्यावर, वरून आणि बाजूंनी, नीट खोचून बसवलं.

“वीस वर्षं हेच करतेय, मुकादम,” ती म्हणाली. “असं झाकलं, की लवकर वितळत नाही.”