रुपचंदचं वायरिंग

डॅशबोर्डखाली मान घालून पडलेल्या जब्बारला वायरींचा जुडगा दिसला आणि त्याच्या तोंडाची चवच गेली. दर चार बोटांवर मेणवलेल्या दोऱ्याची एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रांगेत. असं काम उभ्या खानदेशात एकच माणूस करायचा.

“हे रुपचंदनं केलंय ना?”

“हो, बाबांनी धुळ्याहून बोलावलं होतं त्यांले,” नवल म्हणाला. फैजपूरचा हा केळीवाला वडिलांची बाहत्तर सालची अ‍ॅम्बेसेडर जिवापाड जपायचा. हल्ली ब्रेक दाबला की तिचा इंडिकेटर मरगळायचा आणि भलतेच दिवे लुकलुकायचे. “वीस वर्षं झाली, वायरिंगले हात लावाची वेळ नाही आली.”

ते शेवटचं वाक्य जब्बारला झोंबलं.

चाळीस वर्षांपूर्वी दोघं जळगावात बन्सीलाल मिस्त्रींच्या हाताखाली शिकले. मिस्त्री रुपचंदचं काम गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. जब्बारच्या कामावरून नुसती नजर फिरवायचे आणि म्हणायचे, ‘चालेल.’ पुढे रुपचंद धुळ्याला गेला. जब्बारनं जळगावातच मेहरूणला गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान टाकलं, दोन पोरींची लग्नं केली, तरी ते ‘चालेल’ काही त्याच्या कानातून गेलं नाही.

“फॉल्ट यातच असेल. उकलावं लागेल सगळं,” तो म्हणाला.

नवल बाजारातली कामं उरकायला गेला. अशा तक्रारीत आधी मागच्या दिव्यांचं अर्थिंग बघायचं, हे जब्बारला झोपेतही सांगता आलं असतं. तरी त्यानं ब्लेड घेतलं आणि गाठी कापत सुटला. एक तरी जोड सैल निघावा म्हणून तो प्रत्येक वायर ओढून बघत होता. जोड सगळे कथिलानं झाळलेले, तांबं कालच्यासारखं लखलखीत. दुपार कलली, पण एकही सैल निघाला नाही.

शेवटी त्यानं डिकी उघडली. मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा स्क्रू नव्या रंगावरच आवळलेला होता. वायर पत्र्याला टेकतच नव्हती. गेल्या दिवाळीत रंगकामानंतर ते दिवे जब्बारनंच बसवले होते.

त्यानं रंग खरवडला, स्क्रू पुन्हा आवळला, ब्रेक दाबून पाहिला. इंडिकेटर नीट चालायला लागला. पाच मिनिटांचं काम.

“सापडला?” परत आलेल्या नवलनं विचारलं.

रुपचंदचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण जब्बार म्हणाला, “माझीच चूक. रंगावर अर्थिंग बसवलं होतं मी.”

“मग हे सगळं कापलं कशाले?”

जब्बार खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागला. नवलनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

“नाना, आज धुळ्याले येतोय. वायरिंग पुन्हा बांधून द्या. जब्बारभाऊंनी उकललं.”

“कोन जब्बार?” पलीकडून रुपचंदचा आवाज आला.

नवलनं वर पाहिलं. जब्बारनं हात पुसून फोन मागून घेतला.

“मेहरूणचा. बन्सीलाल मिस्त्रींकडे तीन वर्षं बरोबर होतो आपण.”

“हां... तिथं लई पोरं होती हो भाऊ. चेहरा नाही येत डोळ्यासमोर.”

“असू द्या. फॉल्ट तुमच्या वायरिंगमध्ये नव्हता, एवढंच सांगायचं होतं.”

त्यानं फोन परत दिला. लोंबणाऱ्या वायरी नवलच्या पायात येऊ नयेत म्हणून त्या हलक्या हातानं वर गोळा केल्या, आपल्या रुमालानं बांधल्या आणि सुटत तर नाहीत ना, हे दोनदा ओढून पाहिलं. मग तो बाजूला झाला.

“सावकाश जा,” तो नवलला म्हणाला.