काचेतला हात

पहिल्याच गाण्याला बाबांनी ओळखलं, आज आपलं काही खरं नाही.

स्टेजवर सत्तरी ओलांडलेला गायक गिटार अडकवून उभा होता. जन्मभर स्वतःच गाणी लिहिली आणि स्वतःच गायली, असा माणूस. ड्रमचे ठोके खुर्चीच्या लोखंडी पायांतून बाबांच्या छातीपर्यंत चढत होते. गायकाचा आवाज मात्र शेजारच्या खोलीत कोणी कपाट सरकवावं, तसा येत होता.

"मस्त ना?" लेकीने वळून विचारलं. बाबांनी ते तिच्या ओठांवर वाचलं.

"झकास!"

लेक कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. आई गेल्यापासून तिने धोशाच लावला होता. "दार वाजलेलं कळत नाही, दूध उतू गेलेलं कळत नाही. एकदा तपासू या. कान बरे निघाले तर राहा एकटे, नाहीतर गपगुमान माझ्याकडे यायचं."

बाबा पुस्तकं बांधायचे. दोन खोल्या, त्यातली एक सरस, पुठ्ठे आणि लोखंडी दाबयंत्राने भरलेली. लेकीच्या घरी ते यंत्र ठेवायचं कुठे, नातवाच्या पाळण्यात?

तपासणी सोपी होती. बंद खोलीत बसायचं, हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मागच्या खिडकीपलीकडे लेक यंत्र चालवणार. आपला हात दिसू नये म्हणून तिने बाबांना नियमाप्रमाणे पाठमोरं बसवलं होतं. पण समोरच्या भिंतीवर तिचं प्रमाणपत्र होतं, बाबांनीच कौतुकाने मढवून दिलेलं. त्याच्या काचेत तिचा हात स्वच्छ दिसत होता. हात हलला की बाबा बटण दाबत. संशय नको म्हणून दोन-तीनदा मुद्दाम चुकलेही.

"वयाच्या मानाने ठणठणीत!" लेक खूश झाली होती. त्या आकड्यांवर भरवसा ठेवून तिने थोड्याशा कमतरतेपुरतं कानात इवलंसं श्रवणयंत्र बसवलं, आवाजही बेताचाच ठेवला. आणि बक्षीस म्हणून ही तिकिटं आणली. आईचा आवडता गायक. त्याचं एक गाणं आई पुस्तकांचे फर्मे, घड्या घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवताना गुणगुणायची. त्या एका गाण्यासाठी दोघं आली होती.

इथेही बाबांनी तीच युक्ती चालवली. हात दिसले की टाळी, माना हलल्या की मान. पुढच्या रांगेतला एक टकलू फार उपयोगी पडत होता. त्याचं डोकं डोललं की गाणं रंगात आलं, असं समजायचं.

मग ड्रमवाला उठून आत गेला. गायक स्टुलावर बसला. खुर्चीचे पाय मुके झाले. टकलूही हलेना. गायकाचे ओठ तेवढे हलत होते. बाबांना वाटलं, काहीतरी भाषण चाललंय. बाजूला पाहिलं तर लेक डोळे पुसत होती. त्यांनी लगबगीने रुमाल काढून दिला.

"धूर फारच सोडतात गं हे लोक."

सगळे उभे राहिले, बाबाही उभे राहिले. जोरात टाळ्या वाजवल्या. खाली बसता बसता गमतीत म्हणाले, "आपलं गाणं शेवटी ठेवलंय वाटतं म्हाताऱ्याने. लबाड आहे!"

लेकीच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"बाबा, आत्ता झालं की ते."

"हो? म्हणजे... चाल बदललीय ना त्याने, म्हणून..."

"काही बदललेलं नाही. अक्षरन् अक्षर तेच होतं."

मग तिकीट तोंडापुढे धरून तिने काहीतरी विचारलं. बाबांनी ओठ शोधले. ओठांच्या जागी नुसता कागद. आजूबाजूला कोणाचे हात हलत नव्हते. कुठे काचही नव्हती.

"हो," बाबा म्हणाले. "हो, हो."

तिने तिकीट खाली घेतलं. डोळे भरून आले होते, पण बोलली ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"मी विचारलं, कधीपासून?"

ड्रमवाला परत येऊन बसत होता. बाबांनी कानातलं यंत्र काढलं आणि तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरलं.

"तुझी आई होती तेव्हापासूनच," ते म्हणाले. "दार वाजलं की ती सांगायची."