भिमीचं गाणं हळदीला

शहापूरच्या स्वरमेळ गायन मंडळाचं एक छोटं वार्तापत्र निघायचं. कोण कुठे गायलं, कुणाच्या घरी बारसं झालं, नव्या चालींची चर्चा, असं सगळं त्यात असायचं. संजीवनीताई शाळेत शिकवायच्या तेव्हापासून ते काढत होत्या आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते बंद पडू दिलं नव्हतं.

मंडळात मुरबाडकडच्या डोंगरातून येणारी एकटी गुणाबाई. रविवारी सकाळी भाकऱ्या उरकायच्या, खाली उतरून जीप पकडायची, शहापूरला यायचं. तिचा आवाज जाड होता, पण त्यात एक ओढ होती. संजीवनीताईंनीच तिला एका लग्नात ऐकून मंडळात आणलं होतं.

एकदा तालमीच्या मधल्या वेळात दोघी चहा करत होत्या, तेव्हा गुणाबाईनं त्यांना एक गाणं ऐकवलं होतं. तिची भिमी चौथीत असताना उन्हाळ्यात पाण्याला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस गुणाबाई दळताना, सरपण वेचताना तेच म्हणायची.

कलशी ठेव, भिमे, घरा ये गो,
आईनं वाट किती बघावी.

संजीवनीताईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली होती. ‘गुणा, हे अंकात छापू? आपल्याच माणसांत राहील,’ त्या म्हणाल्या. गुणाबाईनं कप विसळून ठेवले. मग म्हणाली, ‘आपल्याच माणसांत असलं तर छापा.’

पुढे किती वर्षं गेली. यंदा मंडळानं ठरवलं की जुने सगळे अंक ऑनलाइन ठेवायचे. कागद पिवळे पडले होते, काहींना वाळवी लागली होती. बैठकीत गुणाबाईनं विचारलं, ‘माझं गाणं पण त्यात जाईल?’

‘जाईल, पण कपाटात कुलूप लावून ठेवल्यासारखं,’ संजीवनीताई म्हणाल्या. ‘पासवर्ड फक्त सभासदांकडे. मी आहे ना!’

तेवढ्या शब्दावर गुणाबाईनं मान हलवली. घरी सून दिपिकानं फोनवर तो अंक उघडून दाखवला. गुणाबाईनं सावकाश ओळी वाचल्या, खाली आपलं नाव वाचलं. ‘भिमीला बरं जपलंय गो,’ ती म्हणाली. त्या दिवशी तिला खरंच बरं वाटलं.

वैशाखात मुरबाडला तिच्या भाच्याची, सुनिलची हळद होती. संध्याकाळी मांडवात स्पीकर लागले. बेंजोचा एक तुकडा वाजला, ढोल घुमला आणि कुणीतरी पोरगा लाडात आल्यासारखा गाऊ लागला, ‘कलशी ठेव, भिमे, घरा ये गो!’

गुणाबाईच्या हातात हळदीची वाटी होती. पुढे पोरं एकमेकांना डोळे मारत नाचत होती. एकानं डोक्यावर कलशी घेतली आणि कंबर हलवली. ‘ए, भिमी आली!’ कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. सुनिलनं मावशीला ओढलं, ‘चल, नाच ना, सगळीकडं हेच चालू हाय!’

तिनं हात सोडवला आणि ती मांडवामागे जाऊन बसली. दिपिका धावत आली. तिनं फोनवर गाणं शोधलं. गायक सुरज, म्हणजे संजीवनीताईंचा पुतण्या. खाली लिहिलं होतं, ‘गीत पारंपरिक, संकलन संजीवनीताई’.

लग्न लागल्यावर गुणाबाई घरी गेलीच नाही. मुरबाडहून सरळ शहापूरची जीप धरली.

संजीवनीताईंनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघूनच त्यांनी तिला आत घेऊन दार लावलं.

‘पासवर्ड तुमी दिलात?’

‘सुरज सारखा मागे लागला होता. जुनी गाणी हवीत म्हणाला. तो असं काही करेल असं मला वाटलं नाही.’

‘गाणं झाल्यावर तर ऐकलंत ना?’

संजीवनीताई हळूच म्हणाल्या, ‘ऐकलं. पण तोवर लोकांना आवडलं होतं गं. मीच त्याला सांगितलं, पारंपरिक लिही. म्हणजे कुणाला कळणार नाही की ती तुझी भिमी. तुझ्यासाठीच तुझं नाव झाकलं.’

‘माझं झाकलंत. मग तुमचं कशाला टाकलंत?’

संजीवनीताईंनी पाणी पुढे केलं. गुणाबाईनं घेतलं नाही.

‘परक्यानं केलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या नि मोकळी झाले असते,’ ती म्हणाली. ‘तुमाला तर मी भिमी कशी गेली ते सांगितलं होतं. नवऱ्यालाबी तेवढं कधी बोलले नाय.’

पुढच्या रविवारी मंडळात चर्चा झाली. एक जण म्हणाला, ‘अहो, गाणं घराघरात पोचलं, आनंद माना.’ ते पान अंकातून काढा, एवढंच गुणाबाईनं मागितलं. सोबत आलेल्या दिपिकानं तिथेच बसून ऑनलाइन अंकातून ते काढलं. संजीवनीताईंनी सगळ्यांसमोर सुरजला फोन लावला, रडत रडत त्याच्याकडून व्हिडिओ उतरवून घेतला. पण तोवर गाणं प्रत्येक बँडवाल्याच्या फोनमध्ये गेलं होतं. ते काही परत येणार नव्हतं.

गुणाबाई त्यानंतर मंडळात गेली नाही. लग्नाच्या मोसमात खाली मुरबाडला जायचं असलं तर दिपिकाला पाठवायची.

दिवाळीनंतर संजीवनीताई एकट्याच डोंगर चढून आल्या. धाप लागली होती, साडीला कुसळं चिकटली होती. गुणाबाईनं त्यांना बसायला घोंगडी दिली, चहा दिला, वर भाकरीही वाढली. दारात आलेल्या माणसाला ती उपाशी पाठवणार नव्हती.

‘गुणा, शिव्या दे, पण बोल,’ संजीवनीताई म्हणाल्या. ‘मंडळात तुझी जागा तशीच आहे.’

‘जागा असल,’ गुणाबाई म्हणाली. ‘पर तुमच्यासमोर आता माझा गळा उघडायचा नाय. मी काय मुद्दाम करत नाय, ताई. उघडतच नाय.’

संजीवनीताई उठून निघाल्या. उतारावर जपून जा, एवढं गुणाबाईनं सांगितलं. पोचवायला मात्र ती उठली नाही. दिपिका गेली.

ती परत आली तेव्हा सासू सूप घेऊन नाचणी पाखडत होती. पूर्वी अशा वेळी ती काही ना काही गुणगुणायची. दिपिका उंबऱ्यावर जरा थांबली, मग खाली बसून तीही खडे वेचू लागली.