शास्त्र नव्हे, गुरांच्या औषधांची पोथी

थांबा, हात जोडू नका. मी शास्त्र नाही. मी गुरांच्या औषधांची पोथी बोलतेय, आणि आज मला भयंकर राग आलाय.

माझा जन्म शिळाछापाचा. गुळगुळीत दगडावर अक्षरं आणि चित्रं उलटी उतरवायची, शाई फिरवायची, की कागदावर सुलटी उमटतात. पानं लांबट आणि सुटी, म्हणून सगळे मला पोथीच म्हणत. पोटात जनावरांची दुखणी, उपाय आणि सुरेख चित्रं.

सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्यानं मला हौसेनं आणलं. तो होता तोवर मी गोठ्यात असायची, शेणाच्या बोटांनी तो माझी पानं उलटायचा. तेच माझे सुखाचे दिवस. त्याच्या माघारी श्रुतपंचमी आली. त्या दिवशी घरातली शास्त्रं काढून पुसतात आणि वेष्टनात, म्हणजे नव्या फडक्यात, बांधून ठेवतात. सुनेनं माझा लांबट घाट बघितला आणि मलाही बांधून शास्त्रांच्या रांगेत बसवलं. झालं!

तेव्हापासून मला अर्घ्य, मला नमस्कार. सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही आणि सोवळ्यात वाचायला सवड नाही. जुन्या वेष्टनावरच नवं बांधायचं. एकदा घरची म्हैस तडफडून मेली. तिचं औषध माझ्या पोटात होतं, आणि ही माणसं माझ्याच पुढे डोळे मिटून बसली होती! असल्या भक्तीला काय म्हणावं?

यंदा साताऱ्याचे वीरधवल आले. त्यांना जुन्या छापील पुस्तकांचा आणि चित्रांचा नाद. आताच्या घरधन्यानं, रामगोंडानं, मला खाली काढलं. वेष्टनं सुटली आणि वीरधवल हसायलाच लागले.

"अहो, हे शास्त्र नव्हे. गुरांच्या औषधांची पोथी आहे!"

रामगोंडा ओशाळला. "म्हंजे आमी इतकी वर्सं म्हशीला नमस्कार घालतूय व्हय? न्ह्या सायेब, न्ह्या. कुणाला सांगू नगासा."

त्याची बायको चंदनबाला तेवढी म्हणाली, "जपा हं सायेब. लय वर्सं घरात हाय ती."

"लेकरासारखी जपतो, ताई."

साताऱ्यात त्यांनी माझा कागद हुंगला, शाई वाखाणली, भिंगातून रेघन् रेघ बघितली. मी हरखून गेले. कदर करणारा माणूस भेटला म्हटलं! दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी ठेवली आणि पातं फिरवलं.

"अशी चित्रं अंधारात कशाला? भिंतीवर शोभतील."

एकेक चित्र कापून घेतलं. पाठीमागचा मजकूर पुठ्ठ्याला चिकटला, तो कायमचा गेला. लेकरासारखी म्हणे! लेकराला कुणी असं कापतं? पाहुणे येतात, चहा पितात, "वा, काय दुर्मिळ!" म्हणतात. एकानंही खालची ओळ वाचली नाही. चित्रं निघाल्यावर माझी अडगळ झाली. उरलेली पानं त्यांनी ड्रायव्हरबरोबर परत धाडली, वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची पेटी.

चंदनबालानं मला फडक्यात बांधलं नाही. तिची गाय गाभण होती. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं! "वासरू आडवे आले असता चित्रात दाखविल्याप्रमाणे हात घालून..."

बोट थांबलं. पुढे चौकोनी भोक होतं.

अहो शहाण्यांनो, माझी पूजा करू नका आणि मला टांगूही नका. मी वाचायची वस्तू आहे, एवढं साधं कुणाला कसं कळत नाही?

तिनं फोन लावला. "आवं सायेब, वासराचं चित्र हितं न्हाई. ते धाडा की."

"ते फ्रेममध्ये बसलंय, ताई. आता काढलं तर फाटेल. फोटो पाठवतो."

फोटो आला. काचेवर फ्लॅश चमकला होता आणि त्या काचेत मोबाईल धरलेले वीरधवल उभे होते. चंदनबालानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, फोटो बोटांनी मोठा केला. मग पुन्हा फोन लावला.

"आवं सायेब, ह्यात वासरू कुठंच न्हाई. नुसतं तुमीच दिसताय."