वर घ्या, वर घ्या

हल्लीच्या लढाऊ विमानात पायलट विमान उडवतो, ही लोकांची भाबडी समजूत आहे. उजव्या हाताशी असलेली स्टिक जेमतेम हलते. "मला वर जायचंय" एवढंच पायलटने ती दाबून सांगायचं. शेपटीचे पंख किती वळवायचे, विमानाला आणि माणसाच्या मणक्याला किती सोसेल, हे कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या या पायलटला त्याचं कधी काही वाटलं नाही. घरीही असंच चालायचं.

पण धांदलीत माणसाचे कान सगळ्यात आधी दगा देतात. म्हणून जमीन फार जवळ आली की कॉकपिटमध्ये गोंगाटातही कानात घुसेल अशा आवाजात एक बाई बोलते: "वर घ्या, वर घ्या." नव्या विमानासाठी हा आवाज शोधायचं काम पायलटच्या बहिणीकडे होतं, ती कॉकपिटची इंजिनिअर. तिने पायलटांना बरेच आवाज ऐकवले. त्यातल्या एकाला सगळ्यांचे हात आपोआप हलले. तो तिच्या वहिनीचा निघाला, जी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. नणंदेने भावजयीचा आवाज इतक्या आनंदाने पसंत केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

घोळ एवढाच, की त्या चाचणीला भाऊ रजेवर होता.

पुढे नव्या विमानासाठी पायलटची परीक्षा सिम्युलेटरमध्ये झाली. तो शत्रूमागे सूर मारत खाली गेला. बाई म्हणाली, वर घ्या. तो म्हणाला, "हो, घेतो नंतर." आणि पडदाभर माती झाली. मायक्रोफोन चालू होता, सगळं रेकॉर्ड झालं. परीक्षकांनी शांतपणे सांगितलं, आठवड्याने आणखी एक संधी, नाहीतर उरलेली नोकरी टेबलामागे. आभाळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आवाज बदल म्हणून त्याने बहिणीपुढे नाक घासलं. एकदा मंजूर झालेल्या यंत्रणेतला स्क्रूसुद्धा एका माणसासाठी हलत नाही, असं तिने सुनावलं, आणि वर ते रेकॉर्डिंग वहिनीला ऐकवलं.

बायको हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही विचारात असता," ती म्हणाली, आणि त्यानंतर बोलायचीच बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. घर नुसतं खायला उठलं. तो छत्री विसरून भिजला, किल्ली आत ठेवून दार ओढून बसला, गॅसवरचं दूध करपवलं. ऐकत नाही, ऐकत नाही म्हणताना तो बरंच ऐकत होता, असं आता त्याच्या लक्षात आलं. पण हे सांगायचं कसं, ते काही त्याला जमेना.

परीक्षेच्या दिवशी तो पुन्हा सूर मारत खाली आला.

"वर घ्या," बाई म्हणाली.

आठवड्यातले तिचे पहिले शब्द. त्याने स्टिक अशी ओढली की कॉम्प्युटरने आवरलं नसतं तर पंख जागेवर राहिले नसते. विमान वर आलं आणि आवाज थांबला. धोका टळला की बाई गप्प होते, यंत्रणाच तशी आहे.

तो थोडा वेळ सरळ उडत राहिला. मग त्याने हळूच विमानाचं नाक खाली घातलं. "वर घ्या, वर घ्या." वर आला. पुन्हा खाली गेला.

बाहेर परीक्षकांनी चष्मा पुसला. इतक्या चपळ हाताला नापास करणं शक्यच नाही, असं ते पुटपुटले. पण शत्रू केव्हाच संपला असताना हा सारखा जमिनीकडे का धावतोय, हे त्यांना उमगेना. शेजारी बसलेल्या बहिणीला उमगलं. तिने फोन उचलून स्टेशनवर लावला.

"वहिनी, त्याच्याशी दोन शब्द बोल गं," ती म्हणाली. "पास झालाय, पण बाहेर यायलाच तयार नाही."