पांढऱ्या उताऱ्याखालचे प्रश्न

कुरोइवा सरांच्या हातातल्या पेपरात उतारा नव्हता, पण उताऱ्यावरचे प्रश्न होते.

पलीकडच्या शहरातल्या विद्यापीठाने गेल्या वर्षीची प्रवेशपरीक्षा आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. भाषेच्या पेपरात उताऱ्याच्या जागी तीन कोरी पानं आणि मधोमध एक नम्र ओळ: 'कॉपीराइटमुळे उतारा देता येत नाही. क्षमस्व.' खाली प्रश्न मात्र शाबूत. 'अधोरेखित भागात लेखिका का अवघडली?' रेघसुद्धा होती. तिच्यावर शब्द नव्हते.

बेटावरच्या या शाळेतून त्या परीक्षेला बसणारी एकटी कोतोने. बेटावर ना खासगी शिकवणी, ना पुस्तकांचं दुकान. जुने पेपर सोडवणं हाच काय तो सराव, आणि परीक्षा महिन्यावर आलेली.

"लिही," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कोतोनेने लिहिलं: 'कारण तिला कुणी छापलंच नाही.'

"चूक आहे का, सर?"

"चूक म्हणायला तरी आधार हवा ना!" सरांनी अर्धा गुण दिला. बाकीच्या प्रश्नांना पर्याय होते. त्यातले बरेचसे अंदाजाने बरोबर आले. सरांना त्याचंच जास्त दुःख झालं.

त्यांनी तणतणत विद्यापीठाला फोन लावला.

"परीक्षेत उतारा वापरायला परवानगी लागत नाही, सर," तिथला कारकून अत्यंत आदराने म्हणाला. "आधी विचारलं तर पेपर फुटेल ना. वर्गात शिकवण्यापुरता वापरायलाही चालतं. पण संकेतस्थळावर ठेवायचा, तर लेखकाला विचारावं लागतं."

"मग विचारलंत?"

"त्यापेक्षा पांढरं करणं सोपं पडतं, सर."

"सोपं पडतं!" फोन ठेवून सर स्टोव्हवरच्या किटलीवर ओरडले. "कायद्याने दार ठेवलंय, आणि हे त्याच्यावरून रंग मारून मोकळे!"

कोऱ्या पानांखाली लेखिकेचं नाव तेवढं उरलं होतं: नागोशी तोमिए. कोतोनेने ते मोबाइलवर शोधलं.

"सर, पुस्तक कुठेच मिळत नाही. प्रकाशनही बंद पडलंय. पण बाई आहेत. उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट प्लम, विकतात. हा दुकानाचा नंबर."

सरांनी नंबर फिरवला.

"लहान बरणी की मोठी?" पलीकडून आवाज आला.

"बाई, मी शिक्षक आहे. मला तुमचा उतारा हवाय."

सगळं ऐकून घेतल्यावर नागोशीबाई म्हणाल्या, "परीक्षेनंतर त्यांनी आभार कळवले होते हो. किती छान वाटलं होतं! आणि हे पांढरं कुणाच्या हक्कासाठी केलं म्हणालात?"

"तुमच्या."

"अगंबाई! मी इतकी कडक आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. शाळेच्या संकेतस्थळावर ठेवा, कुणालाही वाचू द्या, फक्त नाव राहू द्या आणि शब्दांना हात लावू नका. पानं फॅक्सने पाठवते म्हणाल्या. थोड्या वेळाने यंत्र घरघरलं, पानं बाहेर आली. तिन्ही कोरी!

"बाई, हीसुद्धा पांढरीच!"

"उलटी घातली वाटतं. थांबा हो."

या वेळी शब्द आले. कोतोनेने ते यंत्रातून अक्षरशः ओढून घेतले.

"मास्तर, आता मी एक मागू?" बाई म्हणाल्या. "आमच्या गावात संध्याकाळची शाळा आहे. लहानपणी शिकता आलं नाही अशी माझ्या वयाची माणसं येतात. उतारा कसा वाचावा, यावर तुम्ही काही लिहिलं असेल तर पाठवाल?"

"छे हो, माझे तक्ते फक्त आमच्या शाळेपुरते आहेत," सरांच्या तोंडून पटकन निघून गेलं. "वर्षानुवर्षं खपून केलेत. प्रत्येकावर शिक्का आहे, नक्कल करण्यास सक्त मनाई."

कोतोने वाचता वाचता थांबली आणि सरांकडे बघत राहिली.

"का बरं?" फोनवरून बाईंनी विचारलं.

"कुणी स्वतःच्या नावावर खपवले तर?"

"बरोबर आहे. कष्ट तुमचे, हक्क तुमचा. पण दुकानाचं शटर माझं आहे, म्हणून मी ते दिवसभर पाडून नाही ठेवत, मास्तर. काय चालेल आणि काय नाही, ते पाटीवर लिहून टाकते. तुम्हीही लिहा की: नाव ठेवा, विकू नका, बाकी खुशाल वापरा. मुक्त परवाना म्हणतात त्याला. म्हणजे पुढच्या मास्तराला उमेबोशीच्या दुकानात फोन करत बसावं लागणार नाही."

सरांचे कान लाल झाले. म्हणजे आपणही रंगाचा डबा घेऊनच बसलोय की! आणि शिव्या मात्र विद्यापीठाला!

त्याच दुपारी तक्ते बाईंकडे गेले, आणि शाळेच्या संकेतस्थळावरही चढले, बाईंनी सांगितलेल्या ओळीसकट. शिक्का सरांनी चित्रकलेच्या बाईंना देऊन टाकला. त्यांनी त्याचा कागद दाबून ठेवायला उत्तम उपयोग केला.

कोतोनेने खरा उतारा सोडवला आणि तिचे निम्म्याहून जास्त प्रश्न चुकले.

"कोऱ्या पानावर जास्त गुण मिळाले होते, सर."

"हो, पण आता बोट ठेवायला ओळ आहे." सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "ही बघ, इथे चुकलीस. परत वाच."

वाचकहो, लेखकाचा हक्क हा त्याच्या कष्टांचा मान आहे, तो राखलाच पाहिजे. पण विचारायचा कंटाळा करणं म्हणजे हक्क राखणं नव्हे! शिकवण्यासाठी कायद्याने जेवढी मोकळीक दिली आहे तेवढी निःशंक वापरा. त्यापलीकडे काही हवं असेल तर विचारा. आणि तुम्ही स्वतः काही लिहिलं असेल, तर कुणी विचारायच्या आतच सांगून ठेवा. नाहीतर मुलं कोऱ्या पानांवरचे प्रश्न सोडवत राहतील, आणि वाईट म्हणजे पासही होतील!