अर्थ नाही, लावू नये

चूक माझीच. तीही वाचण्यातली, आणि मी भाषा घेऊन एम.ए. झालेली.

सासऱ्यांची गाडी जवळजवळ वर्षभर शेडमध्ये उभी होती. दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. रंगानं हिरवी म्हणून घरात तिचं नावच हिरवी. बाबा गेल्यावर तिला कुणी हात लावला नाही, उंदरांनी मात्र दात लावले. डॅशबोर्डखालच्या कुरतडलेल्या वायरी बघून नवऱ्यानं मनावर घेतलं, बाबांचं वर्ष व्हायच्या आत सगळं वायरिंग नवं टाकायचं आणि हिरवी रस्त्यावर काढायची.

मला ती घरातच नको होती. शेड आणि स्वयंपाकघर समोरासमोर, आणि आमची खारू अडीच वर्षांची. जरा नजर वळली की पसार. ती चालायला लागली तेव्हा बाबा एकदा गाडी मागे घेत होते आणि ही नेमकी मागच्या बंपरला धरून उभी. मी ओरडले, गाडी थांबली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस ते गाडीखालीच होते. काय केलं, ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून गाडी मागे घेण्याआधी दोनदा हॉर्न द्यायचे. पीप, पीप. घरातून सासूबाई ओरडायच्या, "बाजूला!" आणि खारू माझ्या कडेवरून टाळ्या पिटायची. महिनाभरात बाबा गेले.

वायरिंगला वायरकाका आले. हे बाबांचे जुने दोस्त. हात अजून स्थिर, नजर मात्र अधू. त्यांची पद्धत अशी की जुनं वायरिंग तोडून काढायचं नाही. अख्खं सोडवायचं, जमिनीवर गाडीच्या आकारात पसरायचं आणि त्यावरून नवं ताडून घ्यायचं. त्यांनी शेडबाहेर, बाजूच्या मोकळ्या जागेत चादर अंथरली आणि कापडी वेटोळ्यातला तो जुनाट जुडगा त्यावर मांडला. पुढच्या दिव्यांच्या दोन फांद्या हातांसारख्या पसरलेल्या, मधे लांब कणा, मागे दोन पाय. मी चहा घेऊन आले तर खारू त्याच्या शेजारी तसेच हात पसरून उताणी पडलेली.

"ऊठ गं, काय करतेस?"

"आजोबा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

बाबांनी बऱ्याच वायरींना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. काकांना ते बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी वाचायला बसले. डावा दिवा. वायपर. पेट्रोलचा काटा. मग एक काळी, लांबलचक वायर आली. काकांकडच्या वायरिंगच्या नकाशात ती नव्हतीच. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "अर्थ नाही, लावू नये."

"काय लिहिलंय, सूनबाई?"

"काही नाही काका, निरर्थक आहे म्हणताहेत. लावू नका."

"असंच लिहिलंय?"

"तसाच अर्थ आहे."

"त्याला मेल्याला अर्धवट कामं करून ठेवायची खोडच होती," काका म्हणाले. "टाका ती खोक्यात."

मी टाकली.

चार दिवसांनी नवं वायरिंग बसलं. बॅटरी जोडली, दिवे लागले, वायपर हलले. नवऱ्यानं मला मिठीच मारली. तेवढ्यात हॉर्न वाजला. पीप, पीप.

गाडीत कुणी नव्हतं.

"शॉर्ट आहे," नवरा म्हणाला.

"हिच्या हॉर्नला किल्ली लागत नाही," काका म्हणाले. "बॅटरी जोडली की करंट कायम हॉर्नपाशी येऊन उभा. बटण दाबलं की फक्त अर्थ मिळतो आणि वाजतो. म्हणजे बटणाच्या वायरीला कुठेतरी अर्थ मिळतोय."

माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी खारूला शोधत होते. ती गाडीमागे बसून सांडलेले नट गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टिअरिंगचं बटण उघडलं, तासलं, परत बसवलं. वायर हातभर हातभर तपासली. कुठे सोललेली नाही, कुठे दबलेली नाही. टेस्ट लॅम्प लावून अर्धा तास टक लावून बसले. काही नाही. मग खारू चेंडूमागे धावत गाडीमागे गेली. पीप, पीप.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "ही मागे गेली की वाजतो."

"कोण?"

"खारू."

"तू भाषेत एम.ए. केलंस ना? मला वाटलं भुताखेतांत."

"चेष्टा करू नकोस रे. विकून टाक ही गाडी."

"बाबांची गाडी विकू? हॉर्न वाजतो म्हणून?"

दुपारी तो आंघोळीला गेला तेव्हा मी एकटीच गाडीमागे जाऊन उभी राहिले. काही नाही. खारूला कडेवर घेऊन उभी राहिले. काही नाही. मग तिला खाली ठेवलं. तिचे पाय जमिनीला टेकायचा अवकाश, पीप, पीप. मी तिला उचलून अशी पळाले की एक चप्पल तिथेच राहिली.

तिसऱ्या दिवशी नवरा वैतागला. त्यानं हॉर्नच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि टोकांना टेप गुंडाळला. "हॉर्न नंतर बघू. आज फाटकापर्यंत तरी नेतो."

सासूबाई खारूला भरवत होत्या. मी ओट्याशी होते, पण डोक्यात काकांचं ते वाक्य घोळत होतं. अर्थ मिळतो आणि वाजतो. अर्थ मिळतो. हा अर्थ म्हणजे अर्थिंगमधला! हातातली पळी तशीच राहिली. मी जाऊन खोक्यातली ती काळी वायर काढली आणि अजून बाहेरच पसरलेल्या जुन्या जुडग्याशेजारी सोडली. तिचं एक टोक बरोबर हॉर्नच्या बटणापाशी आलं. दुसरं पार मागे, बंपरपाशी. त्या टोकाला पितळेची एक पातळ पट्टी, स्प्रिंगवर बसवलेली.

"काका! काका, इकडे या!"

काका आले. त्यांनी पट्टी बोटानं दाबून पाहिली, आणि मटकन खाली बसले.

"बंपरला कुणी धरलं की ही पट्टी बॉडीला टेकणार," ते म्हणाले. "अर्थ मिळणार. हॉर्न वाजणार. पोरीसाठी केलं त्यानं हे."

"चिठ्ठीत..."

"ह्या वायरीला स्वतःचा अर्थ नाही, तिला अर्थ लावू नये, मोकळी सोडावी. असं म्हणत होता तो. मी वाचलं असतं तर कळलं असतं."

मी तोंडावर हात धरला. मग काकांनी हळूच विचारलं, "पण सूनबाई, ही वायर तर इथे आहे. मग तीन दिवस वाजतंय काय?"

तेवढ्यात शेडमध्ये इंजिन सुरू झालं. गिअर पडल्याचा आवाज आला. आणि दारात सासूबाई, रिकामा वाडगा हातात. "खारू तुझ्याकडे आली ना गं?"

मी पळाले. गाडी मागे सरकताना दिसत होती.

पीप, पीप.

ब्रेक करकचून लागला. मी बंपरखाली हात घातला. खारू तिथे उकिडवी बसली होती, मुठीत दोन नट. बंपर आणि तिचं कपाळ यांत माझा पंजा कसाबसा मावला.

"बाजूला," ती मला म्हणाली.

नवरा उतरला. चेहरा पांढराफटक. त्यानं बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिला. वायरींची दोन्ही टोकं टेपात तशीच गुंडाळलेली होती.

"विकून टाकू," तो म्हणाला. "आजच."

"नाही," मी म्हणाले. माझं मलाच आश्चर्य वाटलं. "काका, आधी ती वायर लावा. त्यांनी लावली होती तशी."

काकांनी संध्याकाळपर्यंत काळी वायर मागे ओढली, पट्टी बसवली, हॉर्न जोडला. नवऱ्यानं शेडला कडी बसवली, माझ्या डोक्याच्याही वर. खारू सासूबाईंच्या कडेवर होती आणि त्या तिला सोडायला तयार नव्हत्या. आता सगळं नकाशासारखं झालं होतं, बाबांच्या नकाशासारखं. मी बंपरवर तळवा ठेवून दाबला.

पीप.

"चालतंय," काका म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं.

मी हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे आले. बंपरजवळ आता कुणीच नव्हतं.

"ते दोनदा वाजवायचे," सासूबाई पुटपुटल्या.

आम्ही सगळे बंपरकडे बघत उभे होतो. खारूनं आजीच्या खांद्यावरून मान वळवली, हिरवीकडे पाहिलं आणि टाळ्या पिटायला दोन्ही हात वर उचलले.

पीप.